हळदीच्या धुळीसाठी घेतलेलं कॅबिनेट

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. धंदा हळदीचा. ऑफिसातला कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला म्हणून उघडला, तर आतला पंखा पिवळाजर्द. प्रोसेसर गार ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांतली हळद टूथब्रशनं खरवडून काढली. मालक म्हणाले, "मशीन चांगलंय, त्याचं घर बदला." म्हणून मदरबोर्ड, प्रोसेसर तेच ठेवून फक्त कॅबिनेट मागवलं. माझी अट एकच होती, धुळीच्या जाळ्या काढून धुता आल्या पाहिजेत.

पुण्याहून ट्रान्सपोर्टनं खोकं आलं ते आडवं, बाण भलतीकडेच, आणि एक कोपरा आत दबलेला. आमचे हमाल तात्या म्हणाले, "ह्यात काच हाय व्हय? मग असं झोपवून का आणलं?" प्रश्न बरोबर होता. कॅबिनेटची ही टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच सपाटीवर बऱ्यापैकी मार खाते, पण कडेला किंवा कोपऱ्याला टोला बसला की सगळ्या काचेचा चुरा होतो. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, "कोपरा दबलेला" असा शेरा मारला, मगच सही केली. पुतण्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावला आणि टेप कापली.

आत दोन्ही बाजूंना थर्माकोल होता. दबलेल्या कोपऱ्याचा तुकडा मोडला होता, पण त्यानं मोडून घेतलं म्हणूनच पत्रा वाचला. काचेला दोन्हीकडून प्लास्टिकची फिल्म, साधा ओरखडाही नाही. तरी पॅकिंगला मी पूर्ण मार्क देणार नाही. थर्माकोल एकदाच मार खातो आणि फुटतो, फोम दबून परत वर येतो. शिवाय त्याचे पांढरे दाणे काचेला, पत्र्याला, माझ्या शर्टाला असे चिकटले की दुपारपर्यंत वेचत होतो. 2018 पासून मखरालाही थर्माकोल चालत नाही, त्यामुळे घरी न्यायचीही सोय नाही.

खरी गंमत पुढं झाली. स्क्रूची पुडी सापडेना. थर्माकोलच्या खाचा बघितल्या, खोकं उलटं करून झटकलं. विक्रेत्याला फोन लावला, रिंग वाजत होती, तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "काका, हार्ड डिस्कच्या खणात काहीतरी खुळखुळतंय." पांढरी डबी आतच झिप टायनं बांधलेली होती. फोन कट केला.

डबीत सगळे स्क्रू एकाच पिशवीत कालवलेले. बघायला सारखे, पण जात दोन. बारीक आट्यांचे एम-थ्री, ते एसएसडीला, म्हणजे चिपवाल्या नव्या जातीच्या डिस्कला लागतात. जाड आट्यांचे सहा-बत्तीस, म्हणजे इंचाला 32 आटे, ते हार्ड डिस्कला आणि पॉवर सप्लायला. चुकीचा स्क्रू जोर लावून फिरवला की आटे गेलेच. पुतण्यानं ते चहाच्या दोन बशांत निवडले, वीस मिनिटं गेली. दोन छोट्या पिशव्या देणं कंपनीला किती महाग पडलं असतं?

बोर्डाखालचे पितळी खांब, ज्यांना स्टँडऑफ म्हणतात, ते आधीच बसवलेले होते, पण 305 बाय 244 मिलिमीटरच्या एटीएक्स बोर्डाच्या मापानं. आमचा बोर्ड 244 चा चौकोनी मायक्रो एटीएक्स. एक खांब अशा जागी आला जिथं बोर्डाला भोकच नव्हतं. तो तसाच राहिला असता तर बोर्डाच्या मागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकून शॉर्ट झाला असता. काढला. तो फिरवायला छोटा पाना डबीत होता, हे मात्र मानलं.

बाकी सामान म्हणजे सहा झिप टाय आणि मुंगीच्या अक्षरातला एक कागद. मशीन सुरू होताना बीप देणारा छोटा स्पीकर नाही. पंखे तीन दिले आणि आमच्या बोर्डावर पंखे जोडायच्या जागा दोनच, जोडवायर काही दिली नाही. ती गावातच एका दुकानातून आणली.

आता जाळ्या, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप. पुढची आणि खालची उत्तम, खालची तर ड्रॉवरसारखी बाहेर येते. वरची चुंबकाची, पण पॅकिंगमध्ये दुमडून ठेवल्यामुळं तिला घडी पडलेली, एक कड पत्र्याला टेकेना. ती चार दिवस खतावणीखाली दाबून ठेवली, तेव्हा सरळ झाली. दोन पंखे पुढून हवा आत घेतात, एक मागून बाहेर टाकतो. आत येणारी हवा जास्त असली की ती फटींतून धूळ ओढत नाही, जाळीतूनच येते.

कॅबिनेट स्टुलावर ठेवलंय. 2019 च्या पुरानंतर आमच्याकडं जमिनीवर काही ठेवत नाहीत.

महिन्यानं खालची जाळी ओढली. हळदीचा चांगला थर होता. मी ती नळाखाली धरणार, तर तात्या म्हणाले, "थांबा, झटकून घ्या आधी. फोडणीला पुरंल की."