जरा वर ठेवा

दुपारची बोरिवली गाडी. तरी दादरला दारापासून पार आतपर्यंत माणसं. एका कॉलेजच्या पोरानं पाठीवरची सॅक काढून पुढच्याच्या हातात दिली. "भाऊ, जरा वर ठेवा." भाऊंनी ती माझ्याकडे सरकवली, मी रॅकवर दोन पिशव्यांच्या मध्ये कोंबली. पोरगा मोकळा झाला. म्हणजे खांदे मोकळे झाले. नजर काही सॅकवरून हलेना. वांद्रे गेलं, अंधेरी गेलं, मान वरच.

मला आजी आठवली.

गिरगावातल्या आमच्या खोलीत ती तिन्हीसांजेला दिवा लावून गाऱ्हाणं घालायची. मूळची मालवणची, त्यामुळे देवाशी बोलणं मालवणीत, आणि मोघम अजिबात नाही. "बा देवा म्हाराजा, माझो झील अंधेरीक कामाक गेलोसा, तेका सुखरूप घराक हाड." आम्ही पोरं मागून "व्हय म्हाराजा!" मग पुरवणी: चर्नी रोडला उतरतो, पूर्वेला. मी एकदा विचारलं, देवाला स्टेशन सांगावं लागतं का? म्हणाली, "मुंबयत माणसां काय कमी आसत? चुकलो तर?"

पटलं. 'सगळ्यांचं भलं कर' ही प्रार्थना मला तेव्हापासून 'संबंधित अधिकारी यांस' लिहिलेल्या अर्जासारखी वाटते. कोण वाचतं?

26 जुलै 2005 ला मी नववीत होतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम 73. आमच्याकडे नेहमीचाच पाऊस, त्यामुळे बाबा का येत नाहीत हे आजीला समजेना. गाड्या बंद, फोन लागेना. तिनं उठून देव्हाऱ्यातला पितळी गणपती पाण्यानं भरलेल्या पातेल्यात ठेवला आणि शेजारी पाट घेऊन बसली. देव पाण्यात घालून बसणे, याचा वाक्यात उपयोग मी शाळेत केला होता. गणपती मात्र प्रथमच खरोखर बुडालेला पाहिला, सोंडेपर्यंत. तिकडे बाबाही कमरेइतक्या पाण्यातून कुणाचा तरी खांदा धरून चालले होते, हे नंतर कळलं.

रात्रभर आजी त्या पातेल्यात डोकावत होती. एकदा तर बोटानं पाणी चाचपून पाहिलं. गार पडलं की काय, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले, चपला हातात. आजीनं आधी गणपती बाहेर काढून पदरानं पुसला, मग बाबांना पंचा दिला. आई हे अजून विसरलेली नाही.

देवावर सोपवलं की शांत झोप लागते म्हणतात. लागत असेल. आमच्या घराण्यात कुणाला लागलेली मी पाहिली नाही.

आज लेकीची पहिली शाळेची सहल. सकाळी तिला सोडून परतताना टॅक्सी प्रभादेवीवरून गेली. मंगळवारची रांग होती. माझा आणि ड्रायव्हरचा हात एकदमच छातीशी गेला. मी मनातल्या मनात बसचा नंबरही सांगून टाकला, चारही आकडे.

बोरिवलीला पोरानं टाचा उंचावून सॅक ओढून घेतली, चेन तपासली. मी मोबाइल काढला. शाळेच्या ॲपवर बसचा निळा ठिपका पनवेलपाशी दहा मिनिटं हललेला नाही.

कुणाला तरी शू लागली असेल.