तुम्ही विचारलंत म्हणून : डॉक्टर तुम्ही, मग आम्हाला काय विचारता?

गोव्यातल्या फोंड्याच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न सतत येतो. गोळी वाढवायची की आधी खाणं बदलून बघायचं, ऑपरेशनला आत्ता जायचं की थांबायचं, असं बोलणं मी काढलं की समोरचं माणूस अवघडतं. "दोतोर तुमी, मागीर म्हाका कित्याक विचारतात?" मराठीतून विचारणारे जरा सौम्य असतात, पण रोख तोच. शिकलात तुम्ही, फी घेता तुम्ही, मग ठरवायचं ओझं आमच्या गळ्यात कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण आजार मला कळला, तरी तुमचा दिवस कसा जातो ते मला कुठे ठाऊक असतं? आणि औषध चालायचं असतं ते त्या दिवसात.

वाळपईकडचे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. हृदय अशक्त, पायांना सूज. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी सकाळी घ्यायची, असं लिहून दिलेलं. सूज काही उतरेना. जुन्या कागदांवर कुणीतरी शेरा मारून ठेवला होता, ‘औषधं नियमित घेत नाहीत’. मी गोळीचं काहीच विचारलं नाही. म्हटलं, उठल्यापासून काय काय करता ते सांगा. तर हे सकाळी कदंबची सरकारी बस पकडून फोंड्याला दुकानात कामाला येतात. गोळी घेतली की तासाभरात लघवीला लागते, आणि तेव्हा बस असते उसगावच्या आसपास. भरल्या बसमध्ये कळ काढायची किती? म्हणून कामाच्या दिवशी गोळी बंद, फक्त रविवारी चालू. हे आजवर कुणाला का सांगितलं नाही? "रागावले असते." दुकानात संडास आहे, तेव्हा गोळी दुकानात पोचल्यावर घ्यायची असं आम्ही ठरवलं. गोळी तीच, डोस तोच. पुढच्या खेपेला त्यांच्या पायांत चप्पल नीट बसत होती.

ही झाली साधी गोष्ट. मोठ्या निर्णयांत तर विचारल्याशिवाय गत्यंतरच नसतं, कारण तिथे वैद्यकशास्त्राकडेच एकच एक उत्तर नसतं. चढ चढताना छातीत दुखतं, थांबलं की बरं वाटतं, असं बरेच दिवस स्थिर दुखणं असलेल्यांची अँजिओग्राफी होते आणि ब्लॉक दिसला की घरात धावपळ सुरू होते. ‘इस्केमिया’ नावाच्या मोठ्या अभ्यासात अशाच स्थिर दुखण्याच्या सुमारे 5,000 रुग्णांना घेतलं होतं. त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये छापून आले. चांगल्या औषधांच्या जोडीला लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने त्या काही वर्षांत मृत्यू किंवा हार्ट अटॅक लक्षणीय कमी झाले नाहीत. ज्यांना वारंवार दुखायचं, त्यांचं दुखणं मात्र चांगलं कमी झालं. म्हणजे कळीचा प्रश्न रुग्णाकडेच येतो : या दुखण्याने तुमचं किती अडतं? (अटॅक चालू असेल किंवा डाव्या मुख्य धमनीतच ब्लॉक असेल तर हे लागू नाही. तिथे वेळ घालवू नका.)

आता घरच्यांबद्दल. आई तपासणीच्या टेबलावर असते आणि मुलगा मला बाहेर गाठून कुजबुजतो, "तिला काही सांगू नका, काय ते मला सांगा." बोटीवरचा दुसरा मुलगा व्हिडिओ कॉलवर. माया खरी असते, मला शंका नाही. पण सही कुणी करायची? सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली खटल्याचा 2008 चा निकाल याबाबत स्वच्छ आहे. दुर्बिणीने तपासणी करायला म्हणून एका सज्ञान बाईला भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. जीव तातडीच्या धोक्यात नव्हता. तेव्हा आईची संमती चालणार नाही, बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, असं न्यायालय म्हणालं. उपचार काय, पर्याय कोणते, धोके कोणते, काहीच केलं नाही तर काय होईल, हे सांगून घेतलेली संमती तीच खरी.

तरी नवरा बायकोच्या फॉर्मवर सही करतो आणि तिला विचारलंही जात नाही, हे मी आजही बघते. मला त्याचा राग येतो.

आता वेळेचं. बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत सगळा गोवा असतो, वर सिंधुदुर्ग आणि कारवारही असतं. तिथल्या डॉक्टरने प्रत्येकाशी निवांत बोलावं ही अपेक्षा भाबडी आहे. म्हणून तिकडे पाठवताना मी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला रुग्णाचेच प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून देते.

प्रश्न असतात हो माणसांकडे! "तुमी म्हणटात तशें" म्हणणारीच मंडळी ऑपरेशनआधी देवळात जाऊन प्रसाद लावून येतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली की होकार. म्हार्दोळच्या एका फुलकार आजींना मी विचारलं, देवीला काय विचारलंत? म्हणाल्या, "गुडघा बदलला तर खाली बसून फुलं गुंफता येतील काय? येत नसतील तर करूं काय नाका?" हा प्रश्न सर्जनला विचारला होता का? नाही. बदललेल्या गुडघ्यावर मांडी घालून बसणं बहुतेक सर्जन टाळायलाच सांगतात, आणि आजींचा धंदा जमिनीवर बसून चालतो. क्ष-किरण फोटो बघून मी म्हणत होते, करून टाका. अजूनही मला तसंच वाटतं, आणि ते मी त्यांना सांगितलंसुद्धा. मग उंच स्टुलावर बसून गुंफायचा प्रयोग त्या करून बघताहेत. ऑपरेशनची तारीख त्यांनी चवथीनंतरची, म्हणजे गणेशचतुर्थीनंतरची, मागून घेतली आहे, कारण चवथीला फुलांचा भाव चढतो.