पंधरा मिलीलिटरसाठी तीन तास

ड्रग टेस्टचा कागद हातात पडल्यावर बाथरूमला जाऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी न्यू जर्सीत शाळेची बस चालवते. आमच्यासारख्या मोठ्या गाडीच्या लायसन्सवाल्यांची कधीही लघवीची ड्रग टेस्ट निघते. नावं कॉम्प्युटर काढतो, आणि २०२० पासून वर्षाला निम्म्या ड्रायव्हरांइतक्या टेस्ट व्हाव्याच लागतात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून डेपोत आले तर सुपरवायझरने कागद दिला. लगेच निघायचं. मी आपली सवयीने आधी बाथरूमला जाऊन आले.

सेंटरवर कोट काढला, खिसे रिकामे केले, बॅग-फोन कपाटात. संडासातलं पाणी निळंशार, त्यातलं कोणी कपात मिसळू नये म्हणून. कसंबसं तीस मिलीलिटर झालं. लागतं ४५. तिथल्या बाईने कप उजेडात धरला आणि माझ्या डोळ्यांदेखत ओतून दिला. म्हटलं, अहो, उरलेलं पंधरा देते की थोड्या वेळाने! नाही म्हणे, दोन वेळचं एकत्र चालत नाही. घड्याळ बघून तिने वेळ लिहिली. आता पूर्ण ४५ द्यायला तीन तास.

तेवढ्यात प्यायला जास्तीत जास्त ४० औंस, म्हणजे साधारण १.२ लिटर. कुलरचं पाणी बर्फासारखं, पेले कागदाचे, टोकदार, खाली ठेवता येत नाहीत. बाहेर पडलं तर टेस्ट नाकारली असं धरतात, आणि ते पॉझिटिव्हइतकंच वाईट. दुपारच्या फेरीचं काय, तर "ऑफिसला विचारा". फोन कपाटात! दीड तासाने आत गेले, एक थेंब नाही. दाराबाहेर ती उभी आहे म्हटल्यावर व्हायचं कसं? लहानपणी आई करायची तसं "शूऽऽ" सुद्धा करून बघितलं.

परत येऊन बसले आणि आठवलं, रात्री सहा अनारसे खाल्लेत. खसखशीचे! खसखशीने मॉर्फीन दिसतं म्हणतात. तिसरा पेला घशाखाली उतरेना.

दोन तास चाळीस मिनिटांनी झालं एकदाचं. चार मिनिटांच्या आत कपावरच्या पट्टीवर तापमान बघितलं (३२ ते ३८ अंश लागतं), दोन बाटल्यांत भरून सील केलं, माझ्या सह्या. चार दिवसांनी निगेटिव्ह. खसखशीपायीच मॉर्फीनची मर्यादा १९९८ मध्ये मिलीलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली होती, हे नंतर कळलं.

सेंटरवर औषधांची यादी वाचत बसू नका, ते ऐकणं त्यांचं काम नाही. रिपोर्टमध्ये काही निघालं तर एमआरओ म्हणून रिपोर्ट तपासणारा डॉक्टर असतो, त्याचा फोन येतो, तेव्हा सांगायचं. भारतातून आणलेलं कोडीनचं खोकल्याचं औषध मात्र उगाच घेऊ नका. आणि इथे गांजाची दुकानं राजरोस चालतात, तरी आपल्या लायसन्सला ती सूट नाही.

फेब्रुवारीत पुन्हा माझंच नाव निघालं. डेपोतल्या बाथरूमकडे ढुंकून बघितलं नाही. प्रत्येक लाल सिग्नलला शिव्या घालत पोचले आणि वीस मिनिटांत बाहेर.