‘आर’च्या रकान्यातले २०

नागपूर, २५ मे

आजपासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. सकाळी आठला रात्रपाळी संपवून हनुमाननगरातल्या खोलीवर आले, कुलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतले आणि पडून राहिले. पण काल रात्री एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न काही केल्या मनातून जाईना, म्हणून झोपेचा नाद सोडून ही वही उघडली आहे.

ती जीएनएमच्या, म्हणजे परिचर्या आणि प्रसूतिशास्त्राच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या वॉर्डातली तिची ही पहिलीच रात्रपाळी होती. दहाचे टीपीआर घेऊन ती टेबलाशी आली. प्रत्येक खाटेचे तापमान आणि नाडी तिने एका कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवून आणली होती, आणि चार्ट पुढे ओढत तिने अगदी सहज विचारले, ‘‘सिस्टर, आर सगळ्यांचा २०च टाकू ना?’’

टीपीआरमधला टी म्हणजे तापमान, पी म्हणजे नाडी आणि आर म्हणजे श्वसन, एका मिनिटात रुग्णाने घेतलेले श्वास. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. त्यामुळे २० हा आकडा कोणाच्याही डोळ्यांत खुपत नाही. कोणत्याही वॉर्डाचे जुने चार्ट काढून पाहिले, तर तापमान आणि नाडी खाटेगणिक बदललेली दिसते, आणि आरच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत २०, २०, २० असे उतरलेले दिसण्याचीच शक्यता जास्त. मी तिला रागावले नाही, कारण हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे, आणि ‘हो, टाक’ हे उत्तर मिळाल्यावर पुढची कित्येक वर्षे मीही तोच आकडा टाकलेला आहे.

मी भंडारा जिल्ह्यातली. घरची धानाची शेती, बारावीपर्यंतचे शिक्षण मराठीत आणि तेही कला शाखेतून. नागपूरला जीएनएमला प्रवेश मिळाला तेव्हा शरीररचनाशास्त्राचे इंग्रजी पुस्तक उघडले की पहिल्याच ओळीला अडखळायला होई. पहिले सहा महिने मी एका वेगळ्या वहीत नुसते शब्द लिहून काढत होते. टॅकिप्निया म्हणजे श्वास जलद चालणे, ब्रॅडिप्निया म्हणजे तो मंद होणे, डिस्प्निया म्हणजे श्वास घ्यायला कष्ट पडणे, अप्निया म्हणजे श्वास थांबणे. एका श्वासाला इतके शब्द कशाला हवेत, असे तेव्हा वाटायचे. परीक्षेत विचारतात म्हणून पाठ करायचे, एवढेच त्यांचे प्रयोजन होते.

श्वास कसा मोजावा हे मात्र आम्हाला फार चांगले शिकवले गेले होते. आमच्या ट्यूटर मॅडमनी प्रात्यक्षिकाच्या खोलीत एका मुलीला खाटेवर निजवले, तिचे मनगट धरून नाडी मोजली आणि नाडी मोजून झाल्यावरही बोटे तशीच मनगटावर ठेवून नजर हळूच तिच्या छातीवर नेली. आपले श्वास मोजले जात आहेत हे कळले की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून त्याला नाडीच पाहताहेत असे वाटू द्यायचे. छाती वर गेली आणि खाली आली की एक श्वास. पांघरुणामुळे छाती नीट दिसत नसेल, तर रुग्णाचा हात त्याच्याच पोटावर ठेवायचा, म्हणजे हातासोबत पोट वरखाली होताना कळते. आणि मोजायचे ते पूर्ण एक मिनिट. १५ सेकंद मोजून चाराने गुणायचे नाही, कारण मोजताना एका श्वासाची चूक झाली तर हिशेबात ती चारांची होते. प्रात्यक्षिक परीक्षेत मी हे सगळे जसेच्या तसे करून दाखवले आणि मला पूर्ण गुण मिळाले.

त्याच आठवड्यात वॉर्डात पोस्टिंग लागली. चाळीस खाटा, नऊला राउंड, त्याआधी बेड मेकिंग, स्पंजिंग आणि टीपीआर-बीपी उरकलेले हवे. माझ्याबरोबरच्या तिसऱ्या वर्षाच्या ताईंनी पाहिले की मी तिसऱ्याच खाटेशी घड्याळ धरून उभी आहे. त्यांनी मायेनेच सांगितले, ‘‘अगं, अशाने दुपार होईल. आर २० टाक आणि चल.’’ त्यांचे काही चुकीचे होते असे तेव्हा वाटले नाही. राउंडला आलेल्या कोणीही आरच्या रकान्यावर बोट ठेवून प्रश्न विचारला नाही आणि माझी भीती मोडली.

प्रसूतिशास्त्राच्या वर्षी मात्र मी श्वास मोजले. केस बुकात २० प्रसूती स्वतःच्या हातांनी केलेल्या दाखवायच्या असतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा श्वास मिनिटाला ३० ते ६० असतो आणि तो एका लयीत चालत नाही. बाळ चार श्वास घाईने घेते, क्षणभर थांबते, पुन्हा घेते. त्या थांबण्याने माझाच जीव वर यायचा, त्यामुळे मिनिट पूर्ण झाल्याशिवाय नजर हलत नसे. पुढे सामुदायिक आरोग्याच्या तासाला मॅडमनी गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाबद्दल सांगितले. ज्यांना आकडे लिहिता-वाचता येत नाहीत अशा गावातल्या बायांनाही बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा, म्हणून तिथे एक साधे श्वासमापक तयार केले गेले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून उपचार सुरू करायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ५० ही सीमा आजही सर्वत्र शिकवली जाते. मी हे सगळे मन लावून लिहून घेतले. तान्ह्या बाळाचा श्वास मोजायचा असतो हे मला पटले होते. मोठ्या माणसाचा मी गृहीत धरत होते.

परीक्षा झाल्या, इंटर्नशिप झाली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात आली आणि मी शहरातल्या एका खासगी रुग्णालयात लागले. पगार इतका कमी होता की खोलीचे भाडे आणि डबा जाऊन घरी पाठवायला जेमतेम काही उरे, पण गणवेशावर नावाची पट्टी लावून पहिल्यांदा वॉर्डात गेले तेव्हा आईला फोन करताना आवाज भरून आला होता. ती रात्र नोकरीच्या चौथ्या महिन्यातली. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात ३२ रुग्ण होते आणि आम्ही दोघी. आतड्याची शस्त्रक्रिया होऊन तीन दिवस झालेले पन्नाशीतले एक शेतकरी काका कोपऱ्यातल्या खाटेवर होते. दहाला मी त्यांचे टीपीआर घेतले: ताप ९९.४, नाडी १०४, रक्तदाब ११८/७६, ऑक्सिजन ९६. ‘‘कसं वाटते काका?’’ म्हणून विचारले, तर म्हणाले, ‘‘बरं हाय जी.’’ मी आरमध्ये २० लिहिले. दोनला पुन्हा गेले, आकडे जवळपास तेच होते. पुन्हा २० लिहिले.

सहाला आमच्या सीनियर सिस्टर नाडी पाहायला म्हणून त्यांच्याजवळ थांबल्या आणि बराच वेळ थांबूनच राहिल्या. मग त्यांनी मला खूण करून बोलावले आणि चार्टवर बोट ठेवून हळू आवाजात विचारले, ‘‘हे २० तू मोजलेस का?’’

‘‘नाही, सिस्टर.’’

‘‘आता मोज.’’

त्या बाजूला उभ्या राहिल्या आणि मी पूर्ण मिनिट मोजले. ३२. प्रत्येक श्वासाला काकांच्या नाकपुड्या किंचित फुगत होत्या, मानेचे स्नायू ताणले जात होते, आणि ‘बरं हाय जी’ एवढे तीन शब्द बोलायलाही त्यांना मध्ये थांबावे लागत होते. हे रात्रीही माझ्यासमोर झाले असणार आणि मी पाहिले नाही. ऑक्सिजन ९६ दिसत होता, कारण ते इतक्या जोराने श्वास घेऊन तो टिकवून धरत होते. शरीरात जंतुसंसर्ग पसरू लागला की रक्तात आम्ल वाढते, आणि ते बाहेर टाकण्यासाठी फुप्फुसे वेगाने काम करू लागतात. रक्तदाब उतरण्याच्या पुष्कळ आधी श्वास वाढतो. हे सगळे मला पाठ होते. मी परीक्षेत लिहिलेले होते.

डॉक्टर आले, आतड्याचा जोड गळत असल्याचे निदान झाले आणि सकाळीच त्यांना पुन्हा शस्त्रक्रियेला नेले. ११ दिवस ते अतिदक्षता विभागात होते आणि नंतर स्वतःच्या पायांनी घरी गेले. मी दहालाच मोजले असते तर काय झाले असते, हे मला कोणी सांगू शकत नाही. कदाचित तेव्हा श्वास २४ असता, कदाचित २८, पण २० नसता, एवढे मला ठाऊक आहे. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना मी सगळ्यांसमोर सांगितले की आधीचे दोन आकडे मोजलेले नव्हते. ते दोन २० त्या चार्टवर तसेच राहिले, कारण मागची नोंद मागाहून बदलायची नसते. सुट्टी होऊन जाताना काकूंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, ‘‘रातभर जागल्या जी तुम्ही माह्या मालकासाठी.’’ मला वर पाहता आले नाही.

यात दोष कोणाचा, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ३२ रुग्ण म्हणजे नुसत्या श्वासांसाठी ३२ मिनिटे, आणि तीही दर चार तासांनी. सलाईन, इंजेक्शने, ड्रेसिंग, नातेवाइकांचे प्रश्न हे सगळे त्याशिवाय. दोघींनी ते कसे करावे, याचे उत्तर वॉर्डातल्या परिचारिकेने द्यायचे नसून माणसे नेमणाऱ्यांनी द्यायचे आहे, आणि ते मिळेपर्यंत कोणत्या तरी रकान्यात अंदाज लिहिला जाणार, असे माझे स्पष्ट मत आहे. पण लिहिणारा हात माझा होता. वेळच नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना पाहून पुढची व्यक्ती निदान मोजायला तरी जाईल. २० लिहिले की कोणी जात नाही.

काल रात्री मी हे सगळे त्या मुलीला सांगितले नाही, तेवढी सवड नव्हती. तिला घेऊन चौदा नंबरच्या खाटेशी गेले. छिंदवाड्याकडचे एक बाबा, उन्हात काम करताना भोवळ येऊन पडलेले, परवा दुपारी आणले तेव्हा अंग नुसते तापले होते. बर्फाच्या पिशव्या आणि ओल्या चादरींनी ताप उतरला होता आणि ते शांत पडून होते. तिने मनगट धरले, मी पलीकडे उभी राहिले. पंख्याच्या वाऱ्याने चादर हलत होती, म्हणून तिला चुकल्यासारखे वाटले आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मिनिट झाल्यावर ती कुजबुजली, ‘‘सत्तावीस.’’ मी २८ मोजले होते. तिने विचारले, ‘‘कोणता लिहू?’’ मी म्हटले, ‘‘तू मोजलेला लिही आणि डॉक्टरांना फोन लाव.’’

बाकीच्या खाटा तिने एकटीने केल्या. साडेअकरा वाजून गेले होते, तरी मी तिला घाई केली नाही, तिच्या वाटची दोन सलाईन मीच बदलली. चार्ट टेबलावर आला तेव्हा आरच्या रकान्यात १६, १८, २२, १४, १७ असे आकडे होते. २० फक्त एकदाच आहे, नऊ नंबरच्या खाटेपुढे. तो तिने दोनदा मोजला, हे तिने मला मुद्दाम येऊन सांगितले.