तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं संथ ऐकून झोप येत नाही का?

'लो' या बँडचा पहिला अल्बम, 'आय कुड लिव्ह इन होप', कुणालाही ऐकवला की दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला हा प्रश्न ठरलेला. नाही येत झोप. उलट कान टवकारले जातात.

अल्बम फेब्रुवारी १९९४चा. अमेरिकेत तेव्हा ग्रंज या कर्कश रॉकचा दणदणाट होता. मिनेसोटात, लेक सुपीरियरच्या काठावरच्या डुलुथमधल्या तिघांनी मात्र आवाजही उतरवला आणि लयही. गिटारवर अ‍ॅलन स्पारहॉक, बेसवर जॉन निकोल्स, ड्रम्सवर अ‍ॅलनची बायको मिमी पार्कर. कोडीन, गॅलेक्सी ५०० हे बँड या वाटेवर आधीच होते. गॅलेक्सी ५००चा निर्माता क्रेमर यानेच हा अल्बमही केला. 'स्लोकोर', म्हणजे असं संथ, हळू आवाजातलं रॉक, म्हटलं की आज अनेकांना आधी हाच अल्बम आठवतो.

मिमी उभ्याने वाजवायची. पुढ्यात जेमतेम एक-दोन ड्रम आणि एक झांज, हातात बहुतेकदा ब्रश. पायाने वाजवायचा बेस ड्रम नाहीच. त्यामुळे दोन ठोक्यांमधली जागा उघडी पडते. गिटारचा स्वर विरत जाताना शेवटपर्यंत ऐकू येतो, आणि कुणी केसभर घाई केली तरी लपणार नाही. संथ वाजवणं सोपं असतं, हे मला अजिबात पटत नाही. त्यात अ‍ॅलनच्या आवाजाला मिमीचा आवाज येऊन मिळतो, इतका सरळ, की त्याला सजावट करावीशीच वाटली नसेल. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये कर्करोगाने ती गेली. तिच्यानंतर हा अल्बम ऐकणं मला जड जातं, तरी ऐकतेच.

ख्याल ऐकणारे विचारतात, विलंबित ठीक, पण द्रुत कधी? इथे द्रुत नाही. त्यांना मी 'ललबाय' लावून देते. जवळपास दहा मिनिटांचं गाणं. मिमी गाऊन थांबते आणि पुढे नुसती वाद्यं. लय धावत सुटत नाही, पण गिटारचा जोर थोडा थोडा वाढत जातो, इतका सावकाश की तो कुठून वाढला ते सांगता येत नाही. तिथवर पोचेपर्यंत ऐकणाराच ताणलेला असतो.

एकच विनंती: पार्श्वसंगीत म्हणून लावू नका. कामं उरका, मग बसा.