आज बाबांचं मृत्युपत्र झालं

नोंदणी सक्तीची नसते. साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी चालतं, मुद्रांकही लागत नाही. पण बाबांचा सरकारी शिक्क्यावर फार जीव! म्हणून आज दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावली.

खरा वाद फ्लॅटवरून झाला. "सोसायटीत नॉमिनी म्हणून ताईचं नाव आहे, मग परत कशाला लिहायचं?" बाबांचा मुद्दा. वकीलबाई म्हणाल्या, "काका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो सांभाळणारा. मालकी मृत्युपत्राप्रमाणे, ते नसेल तर सगळ्या वारसांची." आमच्या नात्यात एका घरी याच कारणावरून भावाभावांचं बोलणं बंद आहे, त्यामुळे बाबांना लगेच पटलं. गावच्या वडिलोपार्जित जमिनीतला मात्र फक्त स्वतःचा हिस्साच लिहून देता येतो.

माझ्या नावचं कुलमुखत्यारपत्रही (म्हणजे बाबांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) बाबा हयात असेपर्यंतच. माणूस गेला की तेही संपतं. (तरी त्यावर नंतर व्यवहार करणारे महाभाग असतात म्हणे!) ट्रस्टचा विषय वकीलबाईंनीच बाजूला ठेवला, एवढ्याशा मिळकतीला गरज नाही म्हणाल्या.

रिक्षात आई म्हणाली, "माझंही करून टाकू. पाटल्या ताईला. तोड्यांचं बघते."