घरी कोण राहणार?

आमच्या संस्थेच्या नेत्रतपासणी शिबिरासाठी कांदाटी खोऱ्यात जायचे म्हणजे साताऱ्याहून कासमार्गे बामणोली आणि तेथून पुढे लाँच. उन्हाळ्यात शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणी मागे सरकले की लाँच गावाच्या बरीच अलीकडे थांबते आणि पेट्या डोक्यावर घेऊन गाळ तुडवावा लागतो. ज्या कोयनेच्या पाण्यावर 1,960 मेगावॅट क्षमतेचा वीजप्रकल्प उभा आहे, तिच्याच काठच्या या गावांत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने मी नंबर काढण्याचे संगणकीय यंत्र नेतच नाही. बॅटरीवरचा रेटिनोस्कोप (डोळ्यात प्रकाश टाकून चष्म्याचा नंबर काढायचे हातातले उपकरण), भिंगांची पेटी आणि तक्त्यापासूनचे अंतर मोजायला सहा मीटरची दोरी एवढ्यावर माझे काम चालते, आणि हाताने काढलेला नंबर यंत्राच्या तोडीचा येतो हे आमचे डॉक्टरही मान्य करतात, फक्त चारचौघांत नव्हे.

त्या दिवशी गावच्या आशा स्वयंसेविकेने, आमच्या आशाताईंनी, हाताला धरून आणलेल्या आजींच्या बाबतीत मात्र नंबर काढण्याचा प्रश्नच नव्हता. उजवी बाहुली पांढरीफट्ट होती. मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग फुगून पुढे आल्यामुळे डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ झाला होता आणि टॉर्च कानाच्या बाजूने धरला की बुबुळाच्या नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडत होती. डाव्या डोळ्याने त्या हातभर अंतरावरची बोटे जेमतेम मोजत होत्या. उजव्या डोळ्याला प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे त्यांनी चारही दिशांना अचूक सांगितले, म्हणजे पडदा आणि नस शाबूत असण्याची आशा होती. डोळ्यातला दाबही अजून मर्यादेत होता. मोतीबिंदू पिकू द्यावा ही समजूत अजून गावोगाव आहे. पण असा फुगलेला मोतीबिंदू कधीही दाब वाढवतो, आणि एकदा नस गेली की मग शस्त्रक्रिया करूनही दृष्टी येत नाही.

शस्त्रक्रिया गावात करता येत नाही. 1976 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातही आता शिबिरात फक्त तपासणी करून रुग्णाला रुग्णालयात न्यायचे असते, आणि जंतुसंसर्गाने डोळा गमावलेले रुग्ण ज्याने पाहिले आहेत तो या नियमाला नावे ठेवणार नाही. शस्त्रक्रिया, भिंग, औषधे, जेवण, जाणे-येणे या सगळ्याचे पैसे देणगीदारांनी आधीच भरलेले होते. आजी मात्र उठून निघाल्या. "माझा डोळा ऱ्हाऊ दे. ह्यांच्या अंगाखालचं कोन बदलंल?"

आजोबा अर्धांगवायूने अंथरुणावर होते. आजी त्यांचे सगळे हाताच्या अंदाजाने करत. मी घरी गेलो तेव्हा पाठीला एकही जखम दिसली नाही, आणि हे मी पगारी परिचारिका असलेल्या घरांबद्दलही नेहमी म्हणू शकत नाही. मुलगा वाशीच्या बाजारात माथाडी. खाडा केला तर मजुरी बुडते. शेजारच्या घरांना कुलपे होती आणि जी उघडी होती त्यांत आजींच्याच वयाची माणसे होती. आमच्या शिबिरप्रमुखांनी वहीत 'रुग्णाचा नकार' अशी नोंद केली. अशा नोंदी आमच्या वहीत पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या किती खऱ्या अर्थाने नकार आहेत, याची मला आता शंका येते.

शेवटी आशाताई म्हणाल्या, "सर, मी ऱ्हाते." आजी परत येईपर्यंत त्या आजोबांपाशी राहिल्या. शस्त्रक्रिया चांगली झाली. डोळ्यातले मूळ भिंग कडक झालेले असल्याने डॉक्टरांनी फेको (ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढण्याची पद्धत) न करता लहान छेदाची, बिनटाक्याची पद्धत वापरली. पुढचे सहा आठवडे थेंबांचे प्रमाण हळूहळू कमी करत नेण्याचे कामही आशाताईंनीच पाहिले.

मी त्यांच्या मानधनाचे व्हाउचर लावले, ते हिशेबनीसांनी परत पाठवले. लाभार्थीच्या रकान्यात आशाताईंचे नाव बसत नव्हते. विश्वस्तांच्या बैठकीत मी 'घरी राहणाऱ्याचा खर्च' असे वेगळे शीर्ष मागितले, तेव्हा एका सद्गृहस्थांनी विचारले की त्याचा फोटो देणगीदारांना काय पाठवायचा. हिरवी पट्टी बांधलेल्या रुग्णांची रांग आणि मागे फलक, हा फोटो त्यांना ओळखीचा आहे. मी रागावून बोललो. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

आजींचा डावा डोळा पावसाळ्यापूर्वी करायचा आहे. आशाताईंनी कळवले आहे की भातलावणी सुरू झाली की त्यांना जमणार नाही, आणि आधी जमले तरी आजोबांना उचलायला या वेळी सोबत आणखी एक माणूस हवे. व्हाउचर अजून माझ्याच टेबलावर आहे.